मावळतीच्या आत

शरणपूर ही नाशिकच्या वेशीबाहेरची ख्रिस्ती वस्ती. तिथं घड्याळं दोनच होती, एक पाळकसाहेबांच्या भिंतीवर आणि एक मुलींच्या बोर्डिंगात, आणि त्या दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. त्यामुळे दिवस कुठवर आला हे लोक आपापल्या परीनं ओळखत. सकाळ ख्रिस्ती देवळाच्या घंटेवरून, दुपार शाळेतल्या पोरींच्या गलक्यावरून आणि संध्याकाळ बयाबाईच्या ओट्यावरून. बयाबाई आणि तिचा नवरा सावळीराम सुतार बाहेर येऊन ओट्यावर बसले, दोघांपैकी एकानं "चुकलं" म्हटलं आणि दुसऱ्यानं "बरं" म्हटलं, की समोरच्या बायका म्हणायच्या, "बयाबाईचं मिटलं गं, दिवे लावा."

हे कसं सुरू झालं ते सांगायला हवं. बयाबाईचं लग्न लागलं तेव्हा म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी नवरानवरीला उपदेश केला. पौल प्रेषितानं लिहिलंय, ते म्हणाले, राग आला तर येऊ द्या, पण त्या रागावर सूर्य मावळू देऊ नका. वऱ्हाडी मंडळींचं लक्ष जेवणाच्या वासाकडे होतं. सावळीराम नव्या कोटाच्या गळपट्टीनं बेजार झाला होता. बयाबाईनं मात्र ते वाक्य ऐकलं आणि गाठीला बांधलं. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याशी तिचं पहिलं भांडण झालं, आणि ऊन कलायला लागलं तशी ती त्याला हाताला धरून बाहेर घेऊन आली. म्हणाली, "चला, मिटवा. थोडाच वेळ राहिलाय."

शास्त्रात लिहिलंय ते करण्यासाठी लिहिलंय, एवढी साधी तिची समजूत होती. वाचायला ती मोठेपणी शिकली, ओळीखाली बोट ठेवून वाचायची, आणि वाचलेलं तिथंच ठेवून उठणं तिला जमत नसे. बोर्डिंगातल्या मुलींचा स्वयंपाक तिच्याकडे होता. शास्त्र आणि स्वयंपाक तिच्या डोक्यात एकाच चुलीवर शिजायचे. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये म्हणून दारच्या भिकाऱ्याला भाकरी देताना ती डावा हात पदराखाली लपवायची. उद्याची चिंता करू नका हे तिला पाठ होतं, तरी रात्री डाळ भिजत घालायला ती कधी विसरली नाही. पाळकीणबाईंनी एकदा थट्टेनं त्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, "बाईसाहेब, चिंता मनात करत्यात. डाळ पातेल्यात भिजती."

गवळी दुधात पाणी घालतो हे कळलं तेव्हा ती सरळ पाळकसाहेबांकडे गेली. एका गालावर मारलं तर दुसरा पुढं करायचा, तर मग या माणसापुढं दुसरं भांडंही करायचं का, असा तिचा प्रश्न. पाळकसाहेब म्हणाले, विचार करून सांगतो. त्यांचा विचार बरेच दिवस चालला. तोवर तिनं गवळी बदलला.

पण सगळ्यांत कडक नियम मावळतीचा. खरी चूक कोणाची हे ठरवत बसलं तर अंधार पडतो, हे नवराबायकोला पहिल्या वर्षातच कळून चुकलं. म्हणून त्यांनी पाळ्या लावून घेतल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार चूक सावळीरामची. मंगळवार, गुरुवार, शनिवार चूक बयाबाईची. रविवार प्रभूचा, त्या दिवशी भांडायचं नाही. भांडण कोणी का काढलेलं असेना, ज्याची पाळी त्यानं ओट्यावर येऊन "चुकलं" म्हणायचं, की संपलं. साहजिकच बयाबाईला सोमवारी आणि बुधवारी नवऱ्याच्या खोड्या जास्त दिसायच्या, आणि सावळीराम, जो एरवी गरीब गाय म्हणून प्रसिद्ध होता, तो मंगळवार उजाडला की आमटीत खोट काढायचा. पावसाळ्यात आठ-आठ दिवस आभाळ उघडत नसे. तेव्हा तो हट्टाला पेटायचा. "सूर्य उगवलाच नाय, तर मावळंल कुठून? मी रागातच बसणार." बयाबाई कोंबड्यांकडे बोट दाखवायची. कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या की मावळायला आला, असा तिचा निवाडा होता, आणि त्यावर अपील नव्हतं.

समोरच्या घरात रंगूबाई राहायची. रंगूबाई मनानं वाईट नव्हती, पण शेजारणीचा हा डौल तिला सोसवत नसे. कोणाच्या घरी लग्न ठरलं की नवरीला दोन शब्द सांगायला बयाबाईला बोलावणं यायचं, आणि बयाबाई पदर सावरून म्हणायची, "आमच्या घरात रागावर एकदाबी सूर्य मावळला नाय." हे वाक्य रंगूबाईनं इतक्या लग्नांत ऐकलं होतं की ते एकदा तरी खोटं ठरावं म्हणून ती वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून बसली होती. संध्याकाळी तांदूळ निवडायला ती नेमकी दारातच बसायची.

एका गोष्टीवरून मात्र त्या घरात कधीच भांडण झालं नाही. बयाबाईला एक मुलगी झाली होती. कृपा तिचं नाव. चौथं वर्ष लागलं आणि तापानं ती गेली. सावळीराम तेव्हा दूर देवळा गावी एका व्यापाऱ्याच्या घराचे दरवाजे करायला गेला होता. निरोप गेला, पण तो पोचला तेव्हा लोक माती देऊन परतत होते. देवानं दिलं, देवानं नेलं, त्याचं नाव धन्य असो, असं जो तो येऊन म्हणाला, आणि बयाबाईनंही ते न अडखळता म्हटलं. लोकांनी तिच्या विश्वासाची तारीफ केली. त्यानंतर त्या घरात कृपाचं नाव कोणी काढलं नाही. सावळीरामनं तिच्यासाठी केलेला सागवानी पाळणा माळ्यावर गेला, त्याच्यावर गोणपाट पडलं, आणि वर्षं गेली.

तो गुरुवार नाताळच्या आधीचा. बोर्डिंगात करंज्या चालल्या होत्या आणि मोठी परात कमी पडली, म्हणून बयाबाई दुपार कलल्यावर घरी आली. शिडी लावून माळ्यावर चढली. गोणपाट घडी करून ठेवलेलं होतं. पाळणा नव्हता.

ती खाली उतरली आणि तशीच दारात येऊन उभी राहिली. समोर रंगूबाई होतीच.

"पाळणा बघतीस का?" रंगूबाईनं विचारलं. "तुमचे मालक आन् तो हबीब टांगेवाला सकाळी घेऊन गेले की! त्याच्या बायकोला लेक झाला न्हवं का, इतक्या वर्षांनी. का गं, तुला सांगितलं नाय?"

बयाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हबीबच्या टांग्याची चाकं, दांड्या, बैठक सगळं सावळीराम दुरुस्त करायचा, दोघांची जुनी दोस्ती होती, हे तिला ठाऊक होतं. हबीबच्या घरी पाळणा हलला याचा तिलाही आनंद झाला होता, खजूर तिनंही खाल्ला होता. पण तो पाळणा! विचारलं नाही, सांगितलं नाही, माळ्यावरची चिंचेची बरणी द्यावी तसा देऊन टाकला! दिवसभर ती करंज्या वळत होती आणि हे इकडे...

तेवढ्यात तिचं लक्ष पश्चिमेकडे गेलं. त्र्यंबकच्या बाजूच्या डोंगरांवर सूर्य पार कलला होता. आणि आज गुरुवार होता. म्हणजे नियमानं आज ओट्यावर बसून "चुकलं" तिनं म्हणायचं होतं. त्यानं पाळणा न विचारता देऊन टाकायचा आणि तिनं सगळ्या गल्लीदेखत म्हणायचं, चुकलं! असले शब्द घशातून बाहेर येणं शक्य नव्हतं. आणि आले नाहीत तर समोर रंगूबाई तांदूळ घेऊन बसलेली होती.

बयाबाईच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. पाळणाच परत आणला तर? मग भांडायला कारण उरणार नाही. कारण नाही तर राग नाही, आणि राग नाही तर सूर्य खुशाल मावळू दे. शास्त्रही राहतं आणि पाळणाही. तिनं दाराला कडी घातली.

"कुठं निघालीस?" रंगूबाई म्हणाली. "मावळायला आला बरं का!"

"मला डोळे हायत," बयाबाई म्हणाली आणि मोठ्या रस्त्याला लागली.

पेरूची एक बैलगाडी शहराकडे निघाली होती. गाडीवान ओळखीचा, त्यानं तिला वर घेतलं. पण बैलांना पौलाचं पत्र माहीत नव्हतं. ते आपल्या चालीनं चालले. थोडं अंतर गेल्यावर बयाबाईनं गाडीवानाला आणि बैलांना मिळून चार शब्द सुनावले, उतरली आणि पायीच झपाझप निघाली. दर दहा पावलांवर ती मागं वळून सूर्याकडे बघायची. समोरून येणाऱ्या एका बाईला वाटलं, हिच्या मागं कोणी लागलंय, म्हणून तीही घाबरून वळून बघायला लागली.

नाशकात भद्रकालीजवळच्या बोळात हबीबचं घर. ती पोचली तेव्हा अंगणात सतरंजी टाकलेली होती. रमजान चालू होता. हबीब, त्याची म्हातारी आई आणि शेजारचे दोघे जण पाण्याचे पेले आणि खजुराची ताटली समोर घेऊन पश्चिमेकडे डोळे लावून बसले होते. त्या घरातली सगळी माणसं सूर्य एकदाचा मावळावा म्हणून आणि ती एकटी बाई तो थांबावा म्हणून, एकाच आभाळाकडे बघत होती.

"भाभी!" हबीब उठून उभा राहिला. "तुम्ही इकडे? सावळीरामभाई तर आत्ता गेले. नदीकाठच्या वाटेनं, अक्षरशः पळत. म्हणाले, मावळायच्या आत घरी पोचायलाच पाहिजे. आम्ही म्हटलं, रोजा आम्ही धरलाय आणि घाई यांना!"

बयाबाई मटकन सतरंजीच्या कडेला बसली. ती मोठ्या रस्त्यानं आली आणि तो पायवाटेनं गेला. आता तो तिकडे रिकाम्या घरासमोर आणि ही इकडे परक्या अंगणात, आणि मधे कोसाभराहून जास्त वाट.

"पाळणा कुठाय?" तिनं विचारलं.

आत खुर्शीदा, हबीबची बायको, बाजेवर टेकून बसली होती. पाळणा तिच्यासमोर टांगलेला होता. सावळीरामनं तो घासून-पुसून, तेल लावून असा केला होता की कालच कारखान्यातून आल्यासारखा वाटत होता. नवी दोरी, नव्या कड्या. चार कोपऱ्यांवर चार लाकडी राघू, तेही चकाकत होते. आत हबीबचा लेक मुठी आवळून झोपला होता, आणि कपाळाला आठ्या घालून, जणू जगानं त्याचं काही देणं बुडवलं होतं.

बयाबाई पुढं झाली. पायथ्याच्या उजवीकडच्या राघूवर तिची नजर गेली. कृपाला दात येत होते तेव्हा ती पाळण्यात उभी राहून त्याच राघूची चोच चावायची. चोचीवर बारीक खुणा होत्या. त्या अजून होत्या. सावळीरामनं अख्खा पाळणा पॉलिशकागदानं गुळगुळीत केला होता, दुसऱ्या तिन्ही राघूंच्या चोची नव्यासारख्या केल्या होत्या. त्या एका चोचीला त्यानं हात लावला नव्हता.

बाहेर मशिदीतून अजान सुरू झाली. अंगणात पेले खणखणले. हबीबची आई वाकत वाकत आत आली, कोणी विचारायच्या आत बयाबाईच्या हातात एक खजूर ठेवला आणि म्हणाली, "घे बेटी, मावळला." बयाबाईनं खजूर तोंडात टाकला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिच्या रागावर सूर्य मावळला होता, आणि काही झालं नव्हतं. छप्पर कोसळलं नाही. पोरगं जागंसुद्धा झालं नाही.

खुर्शीदा तिच्याकडे बघत होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण बाईला बाईचं कळतं.

"भाभी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही न्यायला आलात ना? घेऊन जा. सावळीरामभाईंनी तुम्हाला विचारलं नसेल हे मला कळायला हवं होतं. माझ्या लेकराला झोळी आहे."

एरवी अशा वेळी बयाबाईच्या जिभेवर शास्त्रातलं वचन तयार असायचं. लोकांच्या मयतीला, बारशाला, भावाभावांच्या वाटणीला, सगळ्याला तिच्याकडे वचन होतं. आज एकही आलं नाही. तिनं त्या खुणांवरून अंगठा फिरवला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कृपाला माती दिली त्या दिवशी जे आलं नव्हतं, ते आलं. खुर्शीदा बाजेवरून उठली, तिच्या शेजारी येऊन बसली आणि तिला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं बयाबाईनं नाक पुसलं. "पाळणा इथंच राहू दे," ती म्हणाली. "पोर झोपलंय, उठवू नको. माझं भांडण पाळण्याशी नाय."

हबीबनं तोंडात घास टाकला न टाकला आणि टांगा जोडला. येताना बयाबाई मागच्या बैठकीवर बसली होती. गार वारा सुटला होता, घोड्याच्या गळ्यातले घुंगरू वाजत होते, आणि तिला एक गोष्ट लख्ख दिसायला लागली. रोजच्या रोज मिटेल असंच भांडण ती इतकी वर्षं काढत आली होती. सरपण ओलं आणलं, मीठ सांडलं, कोटाचं बटण हरवलं. मावळतीच्या आत मिटणार नाही असं जे एकच भांडण तिच्याकडे होतं, ते तिनं कधी बाहेर काढलंच नाही. काढलं असतं तर नियम मोडला असता. नियम राखला, आणि ते आत तसंच राहिलं. त्याच्यावर सूर्य किती वेळा मावळला याला मोजदाद नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! लग्नालग्नांत जाऊन ती नवरीमुलींना जे शिकवत होती, ते तिच्याच घरात खोटं होतं. तिला स्वतःचा राग आला, मग हसू आलं, मग परत राग आला, आणि या खेपेला तो ज्याच्यावर यायचा होता त्याच्यावरच आला.

शरणपुरात गल्ली काळीकुट्ट होती. बयाबाईचं मिटलं नाही म्हणून दिवे अडले असं कोणी कबूल केलं नसतं, पण निम्म्या बायका दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या घरातल्या वाती तशाच पडून होत्या. ओट्यावर सावळीराम बसला होता. नदीकाठच्या चिखलात त्याची एक चप्पल गेली होती, धोतर गुडघ्यापर्यंत भरलं होतं. टांगा थांबला तसा तो उठला.

"आज पाळी तुझी हुती," तो म्हणाला. "पण चूक माझी हाय. मी पळत आलो सांगायला, तर तू घरात नाय. आता मावळल्यावर सांगतोय. चुकलं. धरशील का?"

"नाय," बयाबाई म्हणाली.

गल्लीत कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. समोर रंगूबाईनं घाईघाईनं कंदील पेटवला आणि काच नीट बसवायलाही न थांबता ती रस्त्यात आली.

"पाळण्याचं सोडा," बयाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिची इच्छा नव्हती. "पाळणा चांगल्या घरी गेला. मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं."

"हो म्हटलं असतंस," सावळीराम म्हणाला, "आन् वर एक वचन सांगितलं असतंस. मला वचन नको हुतं."

"मग ऐका. वचन नाय सांगत. तुमी नव्हता. पोरगी तीन दिवस बापाला हाका मारत हुती आन् तुमी देवळ्याला दुसऱ्याच्या घराचे दरवाजे करत हुता. मी एकटी हुते. लोक म्हनले देवानं नेलं, मी म्हनले धन्य असो. मला न्हवतं म्हणायचं. मला तुमाला मारायचं हुतं. माझी कृपा गेली आन् तुमी नव्हता!"

ते नाव त्या ओट्यावर किती वर्षांनी उच्चारलं गेलं. रंगूबाई कंदील घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी होती. जे ऐकायला ती इतकी वर्षं बसली होती ते हे नव्हतं. तिनं कंदिलाची वात खाली केली, दारातल्या बायकांना हातानं आत जा अशी खूण केली, आणि स्वतःही आत जाऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळानं तेच दार उघडलं, आणि एक झाकलेलं ताट बयाबाईच्या ओट्याच्या टोकाला येऊन बसलं. ठेवणारी काही बोलली नाही. रंगूबाईच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

सावळीराम उभाच होता. त्यानं निरोप उशिरा मिळाल्याचं सांगितलं नाही, वाटेत गाडी मिळाली नाही तेही सांगितलं नाही.

"नव्हतो," तो म्हणाला.

मग तो खाली बसला. ओट्याच्या कडेला, जिथं रोज बसायचा तिथं नाही, तिच्या पायाशी पायरीवर.

"तू विचारशील असं मला वाटायचं," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी तू मला बाहेर बोलवायचीस, तवा वाटायचं, आज विचारंल. आज ही म्हनंल, कुठं हुता तुमी. मी काय सांगायचं ते जुळवून यायचो. आन् तू मिठाचं काढायचीस."

बयाबाईला वाटत होतं की एवढी वर्षं आपण एकट्याच ते उराशी धरून बसलो होतो. ती त्याच्याशेजारी पायरीवर उतरली. त्याच्या चिखलानं भरलेल्या पायावर तिनं हात ठेवला. आणि मग ती दोघं रडली, म्हातारपणाकडे झुकलेल्या माणसांनी रडावं तशी, दोघांची नाकं तिच्या एकाच पदरानं पुसत. हबीब टांग्याजवळ घोड्याच्या मानेला तोंड लावून उभा होता. घरी जायचं भान त्यालाही राहिलं नव्हतं.

भांडण त्या दिवशी मिटलं नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी बयाबाईनं आणखी दोन गोष्टी काढल्या आणि सावळीरामनं, इतकी वर्षं गप्प बसलेल्या सावळीरामनं, एक काढली: माती देताना तिनं कृपाला नवा झगा का घातला, त्यानं शिवून आणलेला का नाही. रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी काळजीनं विचारलं, बयाबाई, मावळतीचा नियम मोडला म्हणतात, खरं का?

"खरं हाय, साहेब," बयाबाई म्हणाली. "पौलाचं खोटं नाय. रोजच्या रागाला त्याचं औषध बरोबर लागू पडतं. पण काही राग लांबचे असत्यात, त्यांना पोचायला चार-आठ दिवस लागत्यात. त्याला बायको असती तर त्यानं तेबी लिहिलं असतं."

पाळकसाहेब यावरही विचार करून सांगतो म्हणाले.

नाताळ झाला आणि त्याच्या मागोमाग ईद आली. हबीब सकाळीच टांगा घेऊन दारात हजर. खुर्शीदानं दोघांना शीरखुर्म्याला बोलावलं होतं. पाळण्यात पोरगं आता जागं होतं आणि डोळे फाडून लाकडी राघूंकडे बघत होतं. बयाबाईनं दोरी हातात घेतली आणि झोका देता देता सहज म्हणाली, "आमच्या कृपाला हा उजव्या बाजूचाच लय आवडायचा. त्याला ती काका म्हणायची."

"काका नाय," सावळीराम पेला खाली ठेवत म्हणाला. "बाबा म्हणायची. मलाबी बाबा आन् राघूलाबी बाबा."

"काका म्हणायची. मी घरात हुते. तुमी दिवसभर सुतारीच्या कारखान्यात."

"संध्याकाळी कोण खेळवायचं तिला? बाबाच म्हणायची."

जेवणं झाली, विडे झाले, निरोप झाले, तरी ते मिटेना. परतीच्या टांग्यात दोघं मागं बसली आणि कृपा काय म्हणायची, कशाला हसायची, चिंच कोणी दिली, पहिलं पाऊल घरात टाकलं की अंगणात, यावर इतक्या जोरजोरात भांडत निघाली की रस्त्यातले लोक थांबून बघायला लागले. हबीबनं एकदा मागं वळून आठवण करायला तोंड उघडलं, की सूर्य डोंगराला टेकला बरं का. मग त्यानं दोघांची तोंडं पाहिली, तोंड मिटलं, आणि घोडा मुद्दाम सावकाश चालवला.